पीएलसीचा डेटा एक्सेलमध्ये घेताय? आधी एवढंच करा

ओपीसी (यंत्रातला डेटा थेट संगणकाकडे नेण्याची पद्धत), डेटाबेस, मॅक्रो हे सगळं सध्या बाजूला ठेवा. तुमचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) मेमरी कार्डावर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी मजकूर) फाइल लिहीत असेल, तर सुरुवातीला तेवढं पुरे.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेल विंडोजच्या सेटिंगप्रमाणे तारीख ठरवून मोकळं होतं. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे विचारतसुद्धा नाही. क्रम उलटा लागला तर १३ तारखेपासून पुढे त्या रकान्यात नुसता मजकूर उरतो, आलेख फसतो आणि लोक पीएलसीला दोष देतात. म्हणून फाइल ‘डेटा’ टॅबमधून आयात करा, तारखेचा क्रम स्वतः निवडा.

बाकी थोडक्यात:
- पीएलसीचं घड्याळ आधी लावा.
- उगाच दर सेकंदाला नोंद नको. दिवसाला ८६,४०० ओळी होतात, शीटमध्ये मावतात १०,४८,५७६. तेरावा दिवस पुरा होण्याआधीच शीट भरते. टाकीचं तापमान मिनिटाला एकदा घेतलं तरी चालतं.
- आकडा ३२,७६७ वरून एकदम उणे ३२,७६८ वर गेला, तर सेन्सर बदलायला धावू नका. बहुधा आकडा साठवायच्या १६ बिटांच्या जागेची मर्यादा ओलांडली आहे.

मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा. पहिल्या काही नोंदी एचएमआयवरच्या (यंत्राच्या पडद्यावरच्या) आकड्यांशी ताडून बघा. जुळल्या, की स्केलिंगचं (कच्चा आकडा खऱ्या एककात बदलण्याचं) बिनधास्त विचारा.