४५ एमबीचं पीपीटी मेलने जात नाही, झिप केलं तरी साइज तेवढीच, आयोजकांना लिंक नको, अटॅचमेंटच हवी, काय करू?

झिपच्या मागे लागू नका, काही फरक पडणार नाही, कारण पीपीटीएक्स (हल्लीच्या पॉवरपॉइंटची) फाइल ही मुळातच झिप असते. पटत नसेल तर फाइलची एक कॉपी काढा, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत पीपीटी नावाचं फोल्डर दिसेल, त्यात मीडिया नावाचं, तिथे साइजप्रमाणे लावून बघा म्हणजे जागा कोण खातंय ते लगेच कळतं. नव्वद टक्के वेळा मोबाईलवर काढलेले पाचसहा फोटो नाहीतर एखादा व्हिडिओ निघतो, मजकूर कितीही स्लाइड भरून लिहिला तरी त्याचं वजन नगण्य.

आता फोटो. माऊसने कोपरा धरून फोटो छोटा केला की फाइल पण छोटी होते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, आत तो ४००० बाय ३००० पिक्सेलचा अख्खा फोटो तसाच बसलेला असतो, आणि क्रॉप करून कापलेला भाग सुद्धा आतच असतो (हे लक्षात ठेवा, आधार कार्डाचा फोटो क्रॉप करून टाकणारे लोक आहेत). कुठल्याही एका फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅट मध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स आहे, ते उघडल्यावर पहिली टिक 'फक्त याच फोटोला' अशा अर्थाची असते ती काढायची, नाहीतर एकच फोटो बारीक होतो आणि आपण म्हणतो काही झालंच नाही. डिलीट क्रॉप्ड एरियाज ची टिक राहू द्या. खाली १५० पीपीआय (म्हणजे एका इंचात १५० पिक्सेल) निवडा. ९६ वाला ई-मेलसाठी म्हणून दिलेला असतो पण मोठ्या पडद्यावर फोटो फुटतात, १५० ला १३.३३ इंची स्लाइडवर पूर्ण रुंदीचा फोटो २००० पिक्सेल येतो, फुल एचडी प्रोजेक्टरला त्याहून जास्त दाखवताच येत नाही. मग सेव्ह अ‍ॅज करून वेगळ्या नावाने ठेवा, ओरिजिनल हात न लावता राहू दे.

व्हिडिओ असेल तर फाइल, इन्फो, कॉम्प्रेस मीडिया. तरी जड वाटला तर सरळ काढून टाका आणि वेगळा पाठवा.

किती खाली आणायचं? जीमेलची लिमिट २५ एमबी आहे हे खरं पण त्याच्या भरवशावर २४ ची फाइल पाठवू नका. मेलमधून जाताना अटॅचमेंट साध्या अक्षरांत बदलली जाते, दर ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे वजन एक तृतीयांश वाढतं. समोरच्यांच्या ऑफिसच्या सर्व्हरला १० एमबीची लिमिट लावलेली असेल तर तुमची ८ ची फाइल पण परत येईल आणि तुम्ही म्हणाल अहो पण ती तर ८ चीच होती. तुम्ही लिहिलंय आयोजकांना लिंक नको, अटॅचमेंटच हवी, तर ५-६ एमबीपर्यंत आणा, मग कुठेही जाते.

पाठवताना पॉवरपॉइंट बंद करा. फाइल उघडी असताना त्याच फोल्डरमध्ये पुढे ~ आणि डॉलरचं चिन्ह असलेली त्याच नावाची एक बारकीशी फाइल तयार होते, एरवी ती लपलेली असते पण काही कॉम्प्युटरवर दिसते आणि घाईत लोक तीच अटॅच करतात, समोर गेल्यावर अर्थातच उघडत नाही. अटॅच केल्यावर साइज केबीमध्ये दिसली तर तिथेच थांबा.

आणि मराठीत स्लाइड असतील तर फॉन्ट बघा. श्रीलिपी किंवा कृतीदेव मध्ये टाइप केलं असेल तर ज्यांच्याकडे तो फॉन्ट नाही त्यांना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मंगल नाहीतर निर्मला मध्ये युनिकोडने टाइप केलेलं असेल तर विंडोजवर प्रश्न येत नाही. आता सगळं परत टाइप करायला वेळ नसेल तर सोबत पीडीएफ पण जोडा, अ‍ॅनिमेशन जाईल पण अक्षरं जशीच्या तशी राहतील.