ईमेल सेवा मध्येच बंद का पडते? त्यामागे हॅकर असतात का? अशा वेळी लगेच पासवर्ड बदलावा का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या एका सल्ल्यापायी माझे दोन दिवस मातीत गेले आणि पुढे त्याच वादात नोकरीही सोडली. नाही, लगेच बदलू नका.

मी तेव्हा एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळत होतो. एका सोमवारी सकाळी सगळ्यांचे फोन एकदम कुरकुरायला लागले: सर्व्हरची ओळख पटत नाही. मेल दिसेना, जाईना. गंमत म्हणजे ब्राउझरमधून वेबमेल मात्र छान चालू होतं, आणि बाहेरून येणारी मेलही बिनबोभाट इनबॉक्समध्ये पडत होती. हे काम करणाऱ्याला एवढ्यावरून वास येतो. सर्टिफिकेट संपलं, म्हणजे आपण खऱ्याच सर्व्हरशी बोलतोय हे फोनला पटवणारं, ठरावीक मुदतीचं डिजिटल ओळखपत्र.

आमचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असे आणि मुदतीच्या महिनाभर आधी आपोआप नवं होई. त्या खेपेलाही झालं होतं. नवी फाइल डिस्कवर जागच्या जागी होती. पण मेलचा प्रोग्राम तेव्हापासून रीस्टार्टच झाला नव्हता, त्यामुळे त्याच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट बसलेलं. वेब सर्व्हरला नवं उचलायला लावणारी ओळ स्क्रिप्टमध्ये होती, मेल सर्व्हरसाठी नव्हती. ती लिहायची राहिली होती माझ्याकडून. आधीच्या खेपांना कसल्या ना कसल्या अपडेटच्या निमित्ताने रीस्टार्ट व्हायचा, म्हणून माझं भोक झाकलेलं राहिलं. बाहेरची मेल येत राहिली, कारण दोन मेल सर्व्हर आपसात बोलताना समोरच्याच्या सर्टिफिकेटची मुदत सहसा बघत बसत नाहीत. फोन बघतो. बघायलाच हवं त्याने.

एका कमांडचं काम. पण मी ती टाइप करेपर्यंत आमच्या सरांनी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं: आपल्यावर सायबर हल्ला झाला आहे, खालच्या लिंकवर जाऊन ताबडतोब पासवर्ड बदला. चोर लोक पाठवतात तो मेसेज याहून काय वेगळा असतो? दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, हे खरं आहे ना? कंपनीतले तेवढेच शहाणे, आणि वेळ घालवला म्हणून बोलणी खाल्ली ती त्यांनीच.

बाकीच्यांनी इमानेइतबारे पासवर्ड बदलले. अकरा वाजता मेल सुरू झाली, आणि सव्वाअकराला पुन्हा बोंब. प्रत्येकाच्या फोनमध्ये, टॅबमध्ये, घरच्या लॅपटॉपमध्ये जुना पासवर्ड साठवलेला. ती यंत्रं दर काही मिनिटांनी तोच जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत होती. पाच वेळा चुकला की खातं अर्धा तास लॉक, हा आमचाच नियम. मी एक खातं उघडायचो, तोवर मागची चार लॉक. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हेच. बाहेरून कोणी मुद्दाम बंद पाडायला आला असता तरी त्याला इतकं नीट जमलं नसतं.

यावर कडी म्हणजे ग्राहकांना पत्र गेलं की हल्ल्याचा प्रयत्न आमच्या दक्ष यंत्रणेने हाणून पाडला. मी दीड पानी अहवाल दिला होता, पहिल्याच ओळीत ‘चूक माझी’ असं लिहून. सर म्हणाले, चूक म्हटलं की गिऱ्हाईक बिथरतं, हल्ला म्हटलं की सहानुभूती मिळते. त्यांचा हिशेब धंद्याच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण त्या कंपनीत आजही लोकांना वाटतं की मेल बंद म्हणजे हॅक, आणि हॅक म्हणजे आलेल्या लिंकवर पासवर्ड टाका.

आता तुमचा प्रश्न. मोठ्या सेवांचीही कथा बरीचशी अशीच असते, फक्त आकडे मोठे. १४ डिसेंबर २०२० ला जीमेलसकट गूगलच्या लॉगिन लागणाऱ्या सगळ्या सेवा पाऊण तासाच्या आसपास बंद होत्या. मेल कुठे गेली नव्हती. तुम्ही कोण हे ओळखणाऱ्या यंत्रणेचा साठवणुकीचा कोटा दुसऱ्या एका स्वयंचलित यंत्रणेने चुकून कमी केला, आणि ओळख पटेना म्हणून दार उघडेना. दुसऱ्याच दिवशी जीमेलमध्ये सेटिंगमधला एक बदल चुकला. तो प्रकार जास्त वाईट, कारण चालू पत्त्यांवर पाठवलेली मेलही ‘५५०, असं खातंच नाही’ म्हणून परत जाऊ लागली. ‘नंतर या’ असा तात्पुरता नकार मिळाला तर पाठवणारा सर्व्हर चारपाच दिवससुद्धा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मेल हरवत नाही. ५५० म्हणजे कायमचा नकार, तिथे तो प्रयत्नच सोडतो. ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, ते सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे. ती बातमी वाचून मला झालेला आनंद चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता.

म्हणजे सुरक्षेचा संबंध आहेच, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. लॉगिन, सर्टिफिकेट, स्पॅम गाळणारा फिल्टर, खातं लॉक करायचा नियम ही सगळी कुलपं. यातलं काही बिघडलं की ते बहुधा दार बंद ठेवतं, उघडं टाकत नाही. तसंच असायला हवं. बाहेर उभ्या माणसाला मात्र बिघडलेलं कुलूप आणि आत शिरलेला चोर यातला फरक कळत नाही.

आणि पासवर्ड बदलण्याबद्दल, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे की लोकांना उगाच ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. ते पान छापून मी मीटिंगला नेलं होतं. सरांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर मीच खोटा ठरेन: खरे हल्ले होतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रोटॉनमेल या ईमेल सेवेवर खंडणीसाठी बनावट ट्रॅफिकचा इतका मारा झाला की सेवा कोलमडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हीएफईमेल या छोट्या सेवेत कोणीतरी घुसून सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही पुसून टाकले, वर्षानुवर्षांची मेल गेली. म्हणून महत्त्वाच्या मेलची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे मी खरं तर आधी सांगायला हवं होतं.

तुमची सेवा नेमकी कशाने बंद होती ते मला इथून दिसत नाही. कंपनीचं स्टेटस पान, म्हणजे सेवा चालू की बंद ते सांगणारं पान, बघा, पुष्कळदा काही दिवसांनी तिथे कारणही लिहितात. सेवा सुरू झाल्यावर लॉगिनची यादी आणि फॉरवर्डिंगची, म्हणजे आलेली मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची, सेटिंग मात्र तपासा. अनोळखी यंत्र किंवा तुम्ही न लावलेला फॉरवर्ड सापडला तर तो काढा आणि पासवर्ड खुशाल बदला, साइटचा पत्ता स्वतः टाइप करून. आणि फोनमधला जुना पासवर्ड त्याच वेळी काढायला विसरू नका.