जूनमध्ये अकोले तालुक्यात (शेंडी-राजूर भागात) राहायला जात आहोत. वर्षभरातले कार्यक्रम, यात्रा आणि रोजच्या सोयी यांची माहिती मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की शेंडीजवळच्या शाळेवर बदली झालीय, 10 जून 2026 च्या आसपास सामान हलवायचंय आणि सोबत पत्नी व 68 वर्षांच्या आई आहेत. मग यात्रांची यादी नंतर बघू, आधी पावसाचं बोलू. तुम्ही नेमके पाऊस उभा राहायच्या तोंडावर येताय.

अकोले तालुका एकच असला तरी त्यात दोन हवामानं आहेत. अकोले शहर पर्जन्यछायेत आहे. तिथून पश्चिमेला राजूर ओलांडून शेंडी, रतनवाडी, घाटघरकडे जावं तसा पाऊस दर गावाला वाढत जातो. घाटघरला चांगल्या वर्षी 5,000 मिलिमीटरपर्यंत पडतो, अकोल्यात त्याचा लहानसा वाटा. त्यामुळे "अकोल्यात आज ऊन आहे" या फोनवर विसंबून शेंडीला निघू नका. घर बघताना पश्चिमेची भिंत पाहा. पाऊस वाऱ्याबरोबर तिकडूनच आडवा येतो आणि साध्या विटांच्या भिंतीतून आत पाझरतो. त्या बाजूला बाहेरून ताडपत्री किंवा पत्रा मारलेला नसेल, तर मालकाकडून जूनच्या आधीच मारून घ्या. जुलैत कोणी हाताशी लागत नाही, सगळं गाव भाताच्या आवणीला (रोपं लावायला) चिखलात असतं. प्लायवुडची कपाटं आणू नका, फुगतात. लोखंडी कपाट, झाकणाचे डबे आणि कपडे वाळवायला घरातच दोरी, एवढं पुरतं.

पावसाळ्याची बेगमी हा इथे जुना आणि शहाणा रिवाज आहे. तिघांच्या घराला पंधरा दिवसांचं धान्य-डाळ, दोन भरलेले गॅस सिलिंडर, आईंची रोजची औषधं निदान महिनाभराची, एक चांगली चार्जिंगची बॅटरी आणि पॉवर बँक, एवढं नेहमी घरात असू द्या. गॅसमध्ये चूक अशी होते की लोक एक संपल्यावर दुसऱ्यासाठी नंबर लावतात आणि त्याच आठवड्यात रस्ता बंद होतो. दुसरा सिलिंडर जोडला त्याच दिवशी नंबर लावा. झाडं तारांवर पडून वीज जाते आणि कधी दोन दोन दिवस येत नाही. महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवताना बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक मागतात, तो भिंतीवर लिहून ठेवा. वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइल टॉवरही बसतो, तेव्हा 1912 ला फोन लगेच करायचा, संध्याकाळपर्यंत वाट पाहत बसायचं नाही. सिमकार्ड घेण्याआधी ज्या घरात राहणार त्याच घरात उभं राहून रेंज बघा. ओट्यावर रेंज आणि आत काही नाही, असं इथे सर्रास असतं.

पाणी ऐकून गंमत वाटेल: एवढा पाऊस पडणाऱ्या गावांत एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण असते. कातळ आणि उतार यांमुळे पाणी थांबत नाही, सगळं खाली धरणात जातं. भाड्याचं घर ठरवताना "पाणी आहे का" असं न विचारता "मे महिन्यात पाणी कुठून भरता" असं विचारा. पावसाळ्यात गढूळ येतं, ते तुरटीने निवळून उकळूनच प्यायचं.

प्रवासाचं मुख्य साधन एसटी, अकोले आगाराची. यात एक शब्द पाठ करा: मुक्कामी गाडी. ती रात्री शेवटच्या गावी थांबते आणि पहाटे परत निघते. तालुक्याला जाऊन काम उरकून त्याच दिवशी परतायचं असेल तर हीच पकडायची. दुपारची गाडी धरली तर कचेरीत पोहोचेपर्यंत साहेब जेवायला आणि परतीची गाडी तुमच्याविना. अतिवृष्टीत मुक्कामी गाडी अलीकडच्याच गावातून फिरवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी ती वर आली का, एवढं कानावर ठेवा. तुमच्या पत्नीला एसटीत निम्मं तिकीट आहे (मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना). आईंनाही निम्मंच, पुढे 75 पूर्ण झाली की फुकट. आधार कार्ड जवळ हवं.

शेंडीजवळचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षं होतात. साठा 11,039 दशलक्ष घनफूट. 15 ऑगस्टपर्यंत धरण भरणं ही इथली जुनी अपेक्षा, आणि "धरण भरलं" ही बातमी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या निम्म्या शेतकऱ्यांना सणासारखी असते. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा: धरण भरत आलं की पर्यटकांच्या गाड्या वाढतात. शनिवार-रविवार आणि 15 ऑगस्टला शेंडीच्या रस्त्यावर अडकून पडाल. त्या दिवसांत किराणा, पेट्रोल, एटीएम ही कामं शुक्रवारी दुपारपर्यंत उरकायची. एटीएममधली रोकड रविवारी संपलेली असते. पोस्टमनकडून आधार आणि अंगठ्यावर थोडे पैसे काढता येतात, ही सोय फार कमी लोक वापरतात. विसर्ग सुरू झाला की प्रवरेवरचे बुटके पूल पाण्याखाली जातात. पुलावरून पाणी वाहत असताना गुडघाभरच आहे म्हणून गाडी घालणाऱ्याचं इथे कोणी कौतुक करत नाही.

काजव्यांबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. मेच्या अखेरीपासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन-चार आठवडे हा प्रकार चालतो. वळवाच्या एक-दोन सरी हव्यात, पण धो धो पाऊस लागला की संपलं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा या झाडांवर नर काजवे एका लयीत चमकतात. यंदा 31 मे ला पौर्णिमा आहे आणि 15 जूनला अमावास्या. चांदण्यात काजवे फिके पडतात, तेव्हा 6 जूनच्या पुढे चंद्र उशिरा उगवू लागला की बघा. तुम्ही 10 तारखेला पोहोचलात आणि पावसाने चार दिवस दम धरला तर नशीब. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो (1986 पासून), वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्यावी लागते आणि रात्री ठरावीक वेळेनंतर आत सोडत नाहीत. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश बंद. झाडाखाली गवत तुडवत जाऊ नका. माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, आणि पुढच्या वर्षीचे काजवेही तिथल्याच मातीत वाढतात. माझं स्पष्ट मत, शनिवारी जाऊच नये. तुम्ही तिथलेच रहिवासी होणार, मंगळवारी जा.

आता सण-यात्रा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आलाय, 17 मे ते 15 जून. त्यामुळे पोळा, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं पुढे सरकलंय. गेल्या वर्षी घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, यंदा 11 ऑक्टोबरला आहे. पाऊस आणि भात मात्र अधिक महिना मानत नाहीत, म्हणून यंदाचं नवरात्र बरंच कोरडं असण्याची शक्यता आहे. कळसूबाईच्या यात्रेला याचा मोठा फायदा. 1,646 मीटरचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर, वाट बारी गावातून. कड्यावर लोखंडी शिड्या आहेत आणि ओल्या पायऱ्यांवर गर्दी झाली की तिथेच खोळंबा होतो. पहाटे पाचला चढायला लागा, नऊच्या आत शिड्या ओलांडून माथ्यावर पोहोचा, दुपारच्या आधी उतरा. माणशी दोन लिटर पाणी न्या. आईंना शिड्यांवर नेऊ नका. खालच्या टप्प्यावरही देवीचं देऊळ आहे, तिथली पूजा पुरेशी मानली जाते. उलटी बाजू अशी की दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे यंदा सण आणि भातकापणी एकत्र. शाळेत त्या पंधरवड्यात हजेरी घटेल. वर्गाची परीक्षा ठरवताना हे ध्यानात घ्या.

9 ऑगस्टचा आदिवासी दिन राजूरला मोठा असतो. यंदा तो रविवारी आलाय, मिरवणुकीमुळे बाजारपेठेतून गाडी निघणं कठीण. तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं महादेव कोळी आणि ठाकर घरांतली असतील, तेव्हा हा दिवस शाळेच्या वेळापत्रकात आधीपासून धरा.

हिवाळ्यात, बहुधा डिसेंबरमध्ये, राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. मला विचाराल तर वर्षातला हाच कार्यक्रम सर्वांत बघण्यासारखा. डांगी हे इथल्या पावसासाठीच घडलेलं जनावर आहे: कातडीवर तेलकटपणा, त्यामुळे पाणी मुरत नाही, आणि खूर काळे व टणक, दिवसभर चिखलात राहून सडत नाहीत. बैलाला गेरू लावून, शिंगं रंगवून आणतात. तिथेच दोरखंड, घुंगरं, शेतीची अवजारं मिळतात. पहिल्या दिवशी सकाळी जावं, शेवटच्या दिवशी बक्षिसांची आणि भाषणांची गर्दी असते. बियाण्यांमध्ये रस असेल तर पद्मश्री राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच तालुक्यात आहे. गावठी वाल, घेवडे, काळभात यांच्याबद्दल मुलांना दाखवायला सहल न्यावी अशी जागा.

महाशिवरात्र पुढच्या वर्षी 6 मार्चला आहे. त्या एकाच दिवशी अकोल्यात अगस्ती आश्रमाची यात्रा, रतनवाडीला अमृतेश्वर आणि हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वर. तिन्ही करायला जाऊ नका. आईंसाठी अमृतेश्वर सोपं, देवळापर्यंत गाडी जाते. गडावर जायचं तर पाचनईची वाट धरा. नळीची वाट वर्षातून एकदा डोंगर बघणाऱ्यांसाठी नाही.

दवाखान्याचं आधीच ठरवून ठेवा, वेळ आल्यावर नाही. साध्या दुखण्याला प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे राजूर किंवा अकोल्याचं ग्रामीण रुग्णालय. गंभीर असेल तर प्रश्न येतो संगमनेर की नाशिक. शेंडी, बारी भागातून घोटीमार्गे नाशिक बहुधा सोयीचं पडतं, राजूरच्या पूर्वेला संगमनेर. 108 ला फोन करताना गावाबरोबर वाडीचं नाव आणि रस्त्यावरची ठळक खूण सांगा, आणि एक माणूस टॉर्च घेऊन मुख्य रस्त्यावर उभा करा. वेळ जातो तो घर शोधण्यातच. बाळंतपण आणि तान्ह्या बाळांसाठी 102. आवणीच्या दिवसांत सर्पदंश होतात: करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. हातापायातले कडे-अंगठ्या काढा, तो भाग हलू देऊ नका आणि प्रतिविष जिथे आहे तिथे थेट न्या. शाळेच्या भिंतीवर हे लिहून लावलंत तर उपयोग होईल.

कागदपत्रं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, पण हाक जुन्याच नावाने मारतात. एकेकाकडे अनेक गावं असल्यामुळे ते रोज भेटत नाहीत. बाजाराच्या दिवशी मोठ्या गावात हमखास सापडतात, तेव्हा ज्या गावी राहणार तिथला बाजारवार आणि त्यांचा वार एकत्र विचारून घ्या. गॅसवाला, दुरुस्तीवाला, जास्तीची जीप, सगळं त्याच वाराला चालतं. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून भरा आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. मुदत 15 दिवसांची आहे आणि ती पावतीच्या तारखेपासून मोजतात. मुदतीत मिळाला नाही तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. पालकांचे अर्ज बहुतेक अडतात ते नावातल्या फरकामुळे: आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. प्रवेशाच्या वेळी तिन्ही कागद समोर ठेवून नाव लिहिलंत तर पुढची दहा वर्षांची दगदग वाचेल. आश्रमशाळा, वसतिगृहं आणि आदिवासी विकासाच्या योजना यांचं प्रकल्प कार्यालय राजूरलाच आहे, त्यासाठी जिल्ह्याला जावं लागत नाही. सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तो सगळीकडे चालतो. तरी कोणी "शिक्क्याचा आणा" म्हणालं तर नम्रपणे नकार द्या.

ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला असतात. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या गावांत वाडीचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. शाळेचं छप्पर, वर्गातली गळती, पाण्याची टाकी यांचे विषय 15 ऑगस्टच्या सभेत मांडायचे असतील तर जुलैच्या अखेरीस ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. तोंडी सांगितलेला विषय इतिवृत्तात येत नाही.