सब्बॅटिकल नको, अभ्यास रजा मागा

साताऱ्याहून एका निवृत्त वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. मुलगी एका राज्य विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक आहे. साडेचार वर्षं झाली, पीएचडी आधीच झालेली, कायम झाल्याचं पत्रही हातात आहे. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांवर (सेरोपेजिया) ती काम करते. लंडनच्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहात वर्षभर काम करण्यासाठी तिला शिष्यवृत्ती मिळते आहे. तिने सब्बॅटिकलचा, म्हणजे ज्येष्ठ शिक्षकांना अभ्यास-संशोधनासाठी मिळणाऱ्या रजेचा, अर्ज केला आणि विभागप्रमुखांनी ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला. घरात आता राजीनाम्याची भाषा चालू आहे. वडील विचारतात, इतक्या लवकर रजा मागणं बरं दिसतं का, नोकरीवर गदा येईल का, आणि बाँडसाठी घर तारण ठेवावं लागेल का?

नमस्कार,

आधी विभागप्रमुखांची बाजू घेतो, कारण त्यांचा शेरा बरोबर आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या विनियमांप्रमाणे सब्बॅटिकल मिळते ती सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं पूर्ण झालेल्या कायम, पूर्णवेळ शिक्षकाला. तीही एका वेळी फार तर एक वर्ष आणि सगळ्या नोकरीत मिळून दोन. तुम्ही हिशेबातले आहात, तेव्हा हिशेबच मांडू. पीएचडी घेऊन लागलेल्या सहायक प्राध्यापकाला कॅसमधून, म्हणजे सेवाकाळावर टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या बढतीतून, सहयोगी प्राध्यापक व्हायला चार, पाच आणि तीन अशी किमान बारा वर्षं लागतात. त्यावर सात. थेट भरतीतून वरच्या जागेवर गेली तर काही वर्षं वाचतील, पण आज तिला सब्बॅटिकल मिळणं शक्य नाही. त्यावर भांडून उपयोग नाही.

तिने मागायला हवी होती ती अभ्यास रजा. त्याच विनियमांत ती आहे आणि मुद्दाम सुरुवातीच्या टप्प्यावरच्या सहायक प्राध्यापकांसाठीच ठेवलेली आहे. सलग तीन वर्षांची सेवा झाली की मागता येते, पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीही मिळते आणि ती पगारी असते. सुरुवातीला दोन वर्षांपर्यंत, प्रगती समाधानकारक असेल तर आणखी एक. तिला तर एकच हवं आहे. शिष्यवृत्ती घेतली म्हणून पगार कापायचा नाही, असंही विनियम सांगतात. अट एवढीच की तिकडे शिकवण्याची किंवा दुसरी कुठली पगारी नोकरी धरायची नाही.

महाराष्ट्राने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने सातव्या वेतन आयोगाबरोबर हे विनियम लागू केले. तरी रजा मंजूर होते ती तिच्या विद्यापीठाच्या परिनियमांप्रमाणे. आस्थापना विभागात जाऊन अभ्यास रजेचं कलम आणि अर्जाचा नमुना तिने स्वतः बघावा. कुणा सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. प्राध्यापक मंडळी रजेबद्दल छातीठोकपणे जे सांगतात, त्यातलं निम्मं त्यांच्या गुरूंच्या काळातलं असतं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे अर्ज. तुम्ही पहिल्या अर्जाची प्रत जोडली आहे, ती वाचली. त्यात क्यूचा मोठेपणा आहे, जागतिक दर्जा आहे, विद्यापीठाची मान उंचावेल हेही आहे. काम काय, ते मात्र शेवटच्या तीन ओळींत: ‘तेथील नमुन्यांचा अभ्यास करणे’. अभ्यास रजेला कामाचा पूर्ण आराखडा लागतो आणि रजा लागल्यावर त्यात पूर्वपरवानगीशिवाय मोठा बदल करता येत नाही. शिवाय या अर्जावर समितीतला कुणीही चलाख सदस्य पहिला प्रश्न हाच विचारील की क्यूने नमुन्यांची छायाचित्रं मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन टाकली आहेत, मग जायचं कशाला? इथे बसून बघा की!

याचं उत्तर तुमच्या मुलीकडे आहे. तिने ते तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला पत्रात कळवलं आणि अर्जात मात्र ते नाही. कंदीलपुष्पाची जात ठरते ती फुलाच्या नळीच्या आत दडलेल्या मुकुटाच्या रचनेवरून. दीडशे वर्षांपूर्वी दाबून वाळवलेल्या फुलाच्या फोटोत तो दिसत नाही. परवानगी काढून फूल पाण्यात मऊ करायचं, उघडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, तेव्हा कळतं. आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात डाल्झेलसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी गोळा केलेले, ज्यांवरून जातींना नावं दिली गेली ते मूळ नमुने तिकडे आहेत. सह्याद्रीच्या पठारावर आज जे फुलतं ते त्या नावाचंच आहे का, हे त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. हा परिच्छेद अर्जाच्या सुरुवातीला हवा. त्याखाली तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे, प्रत्येकात कोणत्या जाती हाताळणार आणि हाती काय येणार. परत आल्यावर विभागाच्या संग्रहाला आणि एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांना काय मिळेल, हेही दोन ओळींत.

विभागप्रमुखांना छळणारा प्रश्न मात्र यातला नाही. त्यांना काळजी आहे ती तिच्या तासांची. राज्यातल्या विद्यापीठांत किती जागा रिकाम्या आहेत हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. अशा विभागातून एक माणूस वर्षभर गेला की उरलेल्यांवर बोजा पडतो, आणि तासिका तत्त्वावर कुणी मिळालंच तर प्रात्यक्षिकं सांभाळील याची खात्री नसते. म्हणून अर्जासोबत तिने वेगळं टिपण द्यावं: कोणते पेपर कोण घेणार (त्या सहकाऱ्यांशी आधी बोलून), कोणता ऐच्छिक पेपर वर्षभर पुढे ढकलता येईल, पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन कसं चालेल. रजा सत्राच्या सुरुवातीपासून मागावी. मध्येच उठून गेलेला शिक्षक कुणालाच आवडत नाही. हे टिपण घेऊन आधी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जावं आणि ‘सर, तुमचं बरोबर होतं, मी चुकीच्या रजेचा अर्ज केला’ असं मोकळेपणाने म्हणावं. त्यांच्या शिफारशीशिवाय कागद पुढे सरकत नाही, मग मान्य करून टाकलेलं बरं.

लवकर मागणं बरं दिसतं का, असं विचारता. ही रजा लवकर मागण्यासाठीच आहे, त्यामुळे संकोचाचं कारण नाही. एक गोष्ट मात्र रजेच्या आधी उरकावी. पीएचडीसह चार वर्षं झाली म्हणजे कॅसच्या पहिल्या टप्प्याला ती पात्र होते आहे. ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे शिक्षकांचे प्रशिक्षण वर्ग झाले असतील तर तो प्रस्ताव आत्ताच दाखल करावा. परदेशात बसून त्रुटींची पूर्तता करणं म्हणजे डोक्याला ताप. आणि रजेचा काळ पुढच्या टप्प्यासाठी धरला जाणार की नाही, हे रजेच्या आदेशातच स्पष्ट लिहून घ्यावं. तोंडी ‘धरतात हो’ यावर विसंबू नये.

राजीनाम्याचा विचार सोडा. अगदी अभ्यास रजा नाकारलीच तर लेखी कारण मागा. मग असाधारण रजेचा, म्हणजे बिनपगारी, पर्याय बघता येईल. किंवा क्यूला विचारून उन्हाळी सुट्टी आणि तिला जोडून कर्तव्य रजा अशा दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामात निम्मं काम बसवता येईल. कायम नोकरी सोडून वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर जाण्याचा सल्ला मी, आजची भरती बघता, कुणालाच देणार नाही.

बाँडचं असं आहे. परत आल्यावर सलग किमान तीन वर्षं त्याच विद्यापीठात सेवा करीन, असं लिहून द्यावं लागतं. मोडला तर पगाराची रक्कम परत. जामीन म्हणून स्थावर मालमत्ता चालते, बँकेची हमी चालते, तसेच दोन कायम शिक्षकांचे जामीनही चालतात. तेव्हा घराचे कागद बाहेर काढायची घाई नको. आधी तिने दोन सहकाऱ्यांना विचारावं. विचारायला अवघड वाटेल, पण विद्यापीठांत हे एकमेकांसाठी करतात. तिलाही उद्या कुणाला तरी जामीन राहावं लागेल. खरा विचार तीन वर्षांचा करा. परतल्यावर दुसऱ्या विद्यापीठात जायचं तिच्या मनात असेल, तर बाँडवर सही करण्याआधी ते घरात बोलून घ्या. लग्नाचंही तुम्ही लिहिलं आहे, त्यात मी पडत नाही. फक्त येणाऱ्या स्थळांना ही तीन वर्षं आधी सांगा.

आणि क्रम चुकू देऊ नका. विभागप्रमुखांची शिफारस, कुलसचिव कार्यालयातून व्यवस्थापन परिषदेपुढे विषय, मंजुरीचा लेखी आदेश, मग बाँड, मग रजा. परदेशी जाण्याची परवानगी बऱ्याच ठिकाणी वेगळी घ्यावी लागते, तिचा अर्ज सोबतच द्यावा. आदेश हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये. तिकडे गेल्यावर दर सहा महिन्यांनी मार्गदर्शकाच्या सहीचा प्रगती अहवाल कुलसचिवांकडे पोचला पाहिजे, नाही तर पगार अडकतो. परिषदेची बैठक रोज होत नाही, म्हणून पुढची तारीख आस्थापना विभागातून विचारून घ्या आणि सुधारित अर्ज त्याच्या बराच आधी आवकमध्ये देऊन शिक्क्याची पोच घ्या. हे काम तुम्हाला सांगायला नको.