डी.एड. झालंय, संगणकाची आवड आहे. मुलांना वाचायला शिकवणं आणि वर्गातलं तंत्रज्ञान यात करिअर होतं का? आधी काय शिकू?

होतं. फक्त या नावाचं पद जाहिरातीत शोधलंत तर सापडणार नाही. मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर अकरा वर्षं पहिली-दुसरी घेतली, मग तीन वर्षं डाएटला, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेत, विषय सहायक होते, आता पुन्हा वर्गावर आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: मूल वाचायला कसं शिकतं, ते आधी शिका.

शाळेला लोकवर्गणीतून प्रोजेक्टर मिळाला तेव्हा मी हौसेनं रात्र जागवून शब्दांच्या स्लाइड केल्या. लसूण, लाल, शाळा. पुस्तकातून धडाधड वाचणारी पोरं पडद्यावर ‘ल’पाशी अडायला लागली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की बालभारतीच्या पुस्तकातला ल पाकळ्यांचा आणि माझ्या फाँटमधला हिंदी वळणाचा. श चंही तेच. सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं दिसतात. आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण अक्षरं बघायचं कधीच सोडून दिलेलं असतं.

डाएटला असताना एक वाचनाचं ॲप तपासायला आलं. मूल मोठ्यानं वाचणार, ॲप ऐकणार. आमच्याकडचं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं. ॲप त्याला पुढे सोडेना, आणि अहवालात त्या मुलापुढे लाल खूण. खरं तर त्यानं अक्षर ओळखलं होतं, उच्चार तेवढा घरचा होता. कंपनीच्या मुलांना हे ठाऊक नव्हतं. शिक्षकांना ठाऊक होतं, पण ॲपमध्ये नेमकं काय बदलायचं हे सांगता येत नव्हतं. तुम्हाला जे करिअर हवंय ते या दोघांच्या मध्ये आहे, आणि तिथे माणसं फार थोडी आहेत.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लोकांच्या लक्षात त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेले क्यूआर कोड राहिले. त्यांच्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि त्यांनी पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणली, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता वाट. सरकारीत यायचं तर आधी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलवर अर्ज. मग तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना १६,००० मानधनावर. (२०२३ पूर्वी हेच ६,००० होतं, आम्ही त्यातच दिवस काढले.) कायम झाल्यावर डाएटला प्रतिनियुक्ती मिळू शकते, एससीईआरटी या राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या साहित्य-निर्मितीत आणि दीक्षा या सरकारी ई-शिक्षण मंचावरच्या आशयाच्या कामात बोलावणं येतं. त्याचे वेगळे पैसे जवळजवळ नसतातच, पण हात तिथेच बसतो. डाएटचं अधिव्याख्याता पद हवं असेल तर पुढचं शिक्षण आणि एमपीएससी. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विषयतज्ज्ञांच्या जागा करारावरच्या. त्यांच्या भरवशावर घराचं कर्ज काढू नका.

स्वयंसेवी संस्थांमध्ये ‘प्रथम’ आहे, पालघरमधल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ आहे, फलटणची प्रगत शिक्षण संस्था आहे. मॅक्सीन मावशींनी, म्हणजे मॅक्सीन बर्नसन यांनी, १९८४ मध्ये ती सुरू केली. मराठी वाचायला कसं शिकवावं यावर तिथे जेवढा विचार झालाय तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. कंपन्या पगार जास्त देतात, पण वर्गात न गेलेल्याला तिथे नुसतं भाषांतर करत बसावं लागतं. मराठी मजकूर हिंदीवरून उतरवायचा आणि वर ‘स्थानिक’ म्हणायचं, असली कामं मी पाहिली आहेत.

२०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आल्यापासून तिसरीपर्यंत वाचता येणं हे सरकारचंच उद्दिष्ट झालंय, त्यामुळे या कामाला सध्या मागणी आहे. भरतीचा अर्ज भराच. निकाल लागेपर्यंत जवळच्या शाळेतली वाचनात अडलेली पाच-सहा मुलं घेऊन रोज अर्धा तास बसा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ‘असर’ या प्रथमच्या वाचन-पाहणीतल्या या चार पायऱ्यांवर प्रत्येक जण कुठे आहे ते वहीत मांडा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्यातल्या निवडून वाचायला द्या. आणि मोबाइलवर त्यांचं वाचन रेकॉर्ड करा, अर्थात पालकांना विचारून. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या आधी ती वही पुढे ठेवा. मी पॅनेलवर असताना तशी वही आणणारा एकच उमेदवार भेटला, आणि त्याला आम्ही घेतलं.