रंधा मारायची घाई नको

दिवाळी आटोपली की पॉलिशच्या कामांना खरा हात लागतो, आणि तुमच्या प्रश्नांनाही भरती येते. या खेपेला बहुतेक प्रश्न जुन्या बाजारातून किंवा पाडलेल्या वाड्यांतून आणलेल्या वस्तूंचे आहेत. फोटो पाठवलेत ते बरं केलंत, पण फोटोवरून लाकूड ओळखायला सांगू नका. त्याला वास घ्यावा लागतो, नख लावावं लागतं.

गावभागात शेजारचा वाडा पाडला तेव्हा त्यातलं दोन दारांचं सागवानी कपाट आम्ही घेतलं. पार काळंकुट्ट झालंय. सुतार म्हणतो, रंधा मारून सगळं साफ करू, वर पीयू (पॉलियुरेथेनची पॉलिश) मारू, नवंकोरं दिसेल. करू का?
– एक वाचक, सांगली

नका करू. निदान आठवडाभर तरी सुताराला थोपवून धरा.

जे काळं दिसतंय ते बहुतेक लाकूड नाहीच. चुलीचा धूर, धूळ आणि हातांचं तेल यांचा थर पॉलिशवर साचलाय. खाली कुठली पॉलिश आहे ते आधी कळू द्या. दाराच्या खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरा. बोळा चिकटू लागला, त्याला तपकिरी रंग उतरला, तर ती चपड्याची म्हणजे लाखेची पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ पडली, तर लॅकर. दोन्हींना बधत नसेल तर मेलामाइन, पीयू किंवा ऑइल पेंटच्या जातीचं काहीतरी आहे, आणि ते काढायला रिमूव्हर किंवा पॉलिश पेपर लागेल. वाड्यातल्या इतक्या जुन्या कपाटावर बहुधा चपडाच निघेल.

चपड्याचा मोठा गुण हा, की वाळून कितीही वर्षं झाली तरी स्पिरिट लागलं की तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे खरवडायची वेळच येत नाही. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, फडकं घट्ट पिळून, सगळं कपाट पुसून घ्या आणि लगेच कोरडं करा. एवढ्यानेच निम्मा काळेपणा जाईल. मग बारीक स्टील वूल स्पिरिटमध्ये बुडवून, रेषांच्या दिशेने, एका वेळी वीतभरच जागा घ्या. तपकिरी चिखल सुटेल. तो वाळायच्या आत जुन्या बनियनने टिपा. तो चिखल तिथेच वाळू दिलात तर डाग पडतो आणि मग सगळे माझ्या नावाने बोटं मोडतात.

नवा हात देण्यासाठी एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा पुरतो. काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. लोखंडी डबा नको, त्यात चपडा काळा पडतो. मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करा आणि पातळ, न थांबता फिरवा. हात अडला की तिथे वळ उठतो. आठ-दहा पातळ हात दोन जाड हातांपेक्षा कधीही चांगले. मधे एखाद्या वेळी ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवायचा. चपडा लागेल तेवढाच भिजवा. सहा महिने पडून राहिलेला धड वाळत नाही, चिकटच राहतो.

हे काम एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर मिरज काय लांब आहे? सतारमेकर गल्लीत जा आणि पॉलिश करणाऱ्याचं मनगट बघा, बोटं नव्हे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नसतं तरी मी तुम्हाला तिथेच पाठवलं असतं.

रंध्याला माझा विरोध एवढ्यासाठी, की जुन्या सागाला आलेला मधाचा रंग अगदी वरच्या पातळ थरात असतो. रंध्याची एक फेरी मारली की तो भुशात जातो आणि खालून निघतं ते दुकानातल्या नव्या फळीसारखं लाकूड. मग जुनं घेतलंत कशाला? जेवणाचं टेबल असतं तर गोष्ट वेगळी. चपड्याला गरम भांडं आणि सांडलेलं पाणी सोसत नाही, तिथे पीयूच बरं. कपाटावर कोण चहा ठेवतंय?

आषाढात घरच्या घरी तिवईला स्पिरिट पॉलिश केली. दुसऱ्या दिवशी वर पांढरट ढग उमटले. पॉलिश खराब होती का?
– एक वाचक, सातारा

पॉलिश नव्हे, महिना खराब होता. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि साताऱ्याच्या पावसाळी हवेतला दमटपणा त्यावर धरतो. तोच ओलावा थरात अडकून ढगासारखा दिसतो. आता हवा कोरडी आहे. नुसत्या स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा झरझर फिरवा, बरेचसे ढग निघून जातील. यापुढे पॉलिशची कामं दिवाळी ते शिमगा.

एका ओळखीच्या दुकानात बॉक्सचा पलंग निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. पुरात भिजलेला असेल अशी शंका येते. कसं ओळखायचं?
– एक वाचक, सांगली

२०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावात ही शंका प्रत्येकाने घ्यावी. दर्शनी भाग बघू नका, तो दुकानदाराने पुसलेला असतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. स्क्रूच्या खाचेत आणि चॅनेलच्या पन्हाळीत बारीक गाळ बसलेला दिसतो; तो कुणी काढत बसत नाही. पाठच्या प्लायवर आडवी फिकट रेघ असेल तर पाणी तिथवर होतं. कडा फुगल्यात का ते बोटाने चाचपा आणि फळीवर टिचकी मारत जा. मधेच आवाज पोकळ आला तर प्लायचे पदर सुटलेत.

पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा फुगलं की त्याला औषध नाही, फुकट दिलं तरी नको. पदर सुटलेल्या प्लायचंही तेच. भरीव सागवान किंवा शिसवी असेल तर मात्र घासाघीस करून जरूर घ्या. सावलीत, खाली विटा लावून, हवा खेळेल असं ठेवा. उन्हात टाकलंत तर तडे जातील. सुकलं की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून दर रविवारी तोच एक ड्रॉवर वजनकाट्यावर ठेवा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच भरलं की मगच पेपर मारायला घ्या. आत ओल असताना पॉलिश केली तर ती फोड धरते.

लग्नानंतर सदर बझारमध्ये वन बीएचके भाड्याने घेतलाय. सासरचा सनमायक्याचा सोफा, आईची पत्र्याची ट्रंक, जुन्या बाजारातली वेताची खुर्ची आणि पुस्तकांचं कपाट. घर भंगाराच्या दुकानासारखं दिसतं. सगळ्याला एकच रंग देऊन टाकू का?
– एक वाचक, सातारा

एकच रंग दिलात तर हॉटेलची खोली होईल. तुमची अडचण रंगाची नाहीच, गर्दीची आहे. चार वस्तू चार भिंतींना लावून मधे मोकळं मैदान ठेवलंय, म्हणून प्रत्येक वस्तू एकटी पडून ओरडते आहे. सोफा आणि वेताची खुर्ची जवळ आणा, मधे ट्रंक टीपॉय म्हणून. ट्रंकेचा माथा सोफ्याच्या बैठकीच्या बरोबरीला किंवा इंच-दोन इंच खाली आला पाहिजे. कमी पडला तर खाली चौरंग सरकवा. ट्रंक रंगवू नका. आईचं नाव पत्र्यावर रंगाने लिहिलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय. ती बाजू भिंतीकडे का वळवलीत? पुढे घ्या.

सोफ्यावरचं फुलाफुलांचं कव्हर काढा आणि माण-खटावकडची काळी किंवा करडी घोंगडी टाका. टोचते, थोडे दिवस केसही सोडते, हे आधीच सांगते. कसर लागू नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवायचं. पण काळ्या लोकरीशेजारी वेताचा पिवळा आणि ट्रंकेचा हिरवा कसा उठतो ते बघाच. मग त्यातलाच एक रंग, म्हणजे तो हिरवा, घरात आणखी दोन ठिकाणी येऊ द्या. एखादी उशी, पुस्तकांच्या कपाटाच्या आतली पाठ. एवढं जुळलं की बाकीचं नाही जुळलं तरी चालतं.

आणि ती पांढरी ट्यूब बदला. ६५०० केल्विनच्या निळसर उजेडात जुनं लाकूड राखाडी, आजारी दिसतं. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा दिवा लावून बघा. भिंतीला खिळा ठोकायची घरमालकाची परवानगी नसली तरी दिवा बदलायला कोण हरकत घेतंय?

पलूसच्या भंगारवाल्याकडून लोखंडी घडीची खुर्ची आणली. पाठीच्या पट्टीवर ‘किर्लोस्कर’ दिसतं. मुलगा म्हणतो सोनेरी स्प्रे मारू.
– एक वाचक, पलूस तालुका

मुलाला दुसरी एखादी खुर्ची द्या सोनेरी करायला. औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर, पंप यांच्या जोडीला तिथे लोखंडी फर्निचरही तयार होऊ लागलं. तुमच्याच तालुक्यातली वस्तू तुमच्याच तालुक्यात भंगारात सापडली, तिच्यावर स्प्रे कसला मारता! गंज आहे तेवढ्याच जागी १२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा, तिथेच रेड ऑक्साइडचा (गंजरोधक अस्तराचा) पातळ हात आणि वर जुन्याला मिळता रंग. रिव्हेटमध्ये मशीनचं तेल. नावाच्या पट्टीला फक्त मेणाचा हात.

घासताना पेपर ओलाच हवा, तोंडाला मास्क हवा, आणि लहान मुलं त्या अंगणात नकोत. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही, आणि कोरडं घासलं की तेच नाकात जातं. घरातल्या साध्या लोखंडी कपाटाला मात्र खुशाल पावडर कोटिंग करून घ्या. भट्टी साधारण २०० अंशांपर्यंत तापते, म्हणून आरसा, कुलूप आणि रबरं काढूनच कपाट द्या.

आजोबांचा झोपाळा. खाली रोज पिवळी पावडर पडते. वाळवी आहे का? रॉकेल ओतलं तर चालेल?
– एक वाचक, वाई

वाळवी मातीच्या नळ्या करते. पावडर पडते ती भुंगेऱ्याच्या अळीची. सागाच्या गाभ्याला ती सहसा शिवत नाही, बाहेरचा फिकट भाग पोखरते. म्हणून आधी तो फिकट पट्टा पाटाच्या कुठल्या बाजूला आहे ते शोधा. खाली काळा कागद पसरून दोन दिवस झोपाळा हलवू नका. पावडर पडली तर अळी जिवंत आहे, नाही पडली तर हलवल्यामुळे जुना भुसाच गळत होता.

रॉकेल नको. ते लागेल तेवढ्याच अळ्या मरतात, वास महिनाभर जात नाही आणि समई शेजारी असते. लाकडाचं कीडनाशक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हातमोजे घालून ते सिरिंजने एकेका भोकात सोडा, पाटाच्या पॉलिश नसलेल्या खालच्या अंगाला ब्रशने लावा, पंधरा दिवसांनी पुन्हा. भोकं त्यानंतर मेणाने बुजवा, आधी नाही.

पण सगळ्यात आधी कड्या जिथे पाटात शिरतात तिथे दाभण टोचून बघा. चारी कोपऱ्यांवर. दाभण सहज आत गेलं तर झोपाळा आजच उतरवा आणि सुताराकडून खालून सागाच्या आडव्या पट्ट्या बोल्ट लावून घ्या. अशा कामाला नुसता फेविकॉल आणि खिळे चालत नाहीत.