तारीख, नक्कल आणि कोल्हापूर बेंच: कोर्टाबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज मिळून इतके प्रश्न आलेत की सगळे घेता येणार नाहीत, त्यामुळे एकसारखे होते ते एकत्र केलेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी वकील नाही. कोर्टात नकलांच्या, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याच्या सर्टिफाइड कॉपी द्यायच्या, टेबलावर नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. केस जिंकणार की हरणार ते मला विचारू नका, ते तुमचे वकील सांगतील. पण कोर्टात कागद कुठून कुठे जातो, कुठे अडकतो आणि तो आपल्या हातात कसा घ्यायचा, हे मी मनापासून सांगेन.

आमची लालबागला चाळीत खोली आहे. मालकाने लघुवाद न्यायालयात केस टाकलीय, चार वर्षं झाली. वकिलांना फोन केला की "तारीख पडली" एवढंच सांगतात. गेल्या वेळी आम्ही स्वतः गेलो तर रूममध्ये दुसरेच साहेब, बोर्डावर आमचं नावच नाही. केस गेली कुठे? (वाचक, लालबाग)

केस कुठेही गेलेली नाही, घाबरू नका. साहेबांची बदली झाली किंवा कामाची वाटणी बदलली की केसेस दुसऱ्या रूमकडे जातात, हे नेहमीचं आहे. पक्षकाराला ते घरी येऊन कोणी सांगत नाही, म्हणून मी सगळ्यांना एकच गोष्ट परत परत सांगते, की आपल्या केसचा सीएनआर नंबर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोळा अक्षरं आणि आकडे मिळून तो नंबर बनतो, महाराष्ट्रातल्या कोर्टांचा एमएचने सुरू होतो, आणि त्या कोर्टात तुमची रूम बदलो नाहीतर साहेब बदलोत, नंबर तोच राहतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी अॅप आहे, फुकट आहे, त्यात तो नंबर टाकला की पुढची तारीख, कोणतं कोर्ट, मागच्या तारखांना काय झालं, सगळं दिसतं. नंबर माहीत नसेल तर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. फक्त नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये घोळ असतो, तुमच्या नावाने सापडलं नाही तर मालकाच्या नावाने शोधा, मी कित्येकांना असंच शोधून दिलंय. स्मार्टफोन नसेल तर कोर्टांमध्ये ई-सेवा केंद्रं सुरू झालीत, तिथे विचारा, ते काढून देतात.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. नुसती तारीख बघून थांबू नका, रोजनामा बघा. रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय घडलं त्याची नोंद, कोण हजर, कोण गैरहजर, कोणी मुदत मागितली, साहेबांनी काय हुकूम केला. चार वर्षांचा रोजनामा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलात की तुमची केस का रेंगाळलीय ते तुम्हालाच कळेल. आणि तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल झालंय का तेही त्यातच बघा, कारण समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत ते द्यायचं असतं आणि फार तर नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढते, त्यानंतर परवानगी मिळवायला झगडावं लागतं. भाडं मात्र केस चालू असली तरी वेळच्या वेळी भरत राहा आणि पावती जपा. मालक घेत नसेल तर वकिलांना सांगून कोर्टात भरा.

माझ्या सासूबाईंविरुद्ध खोली खाली करायचा निकाल लागला. अपील करायचंय पण निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला वेळ लागतोय, तोपर्यंत मुदत संपली तर? (वाचक, कुर्ला)

हा प्रश्न वाचून मला नोकरीतली एक दुपार आठवली. एक बाई खिडकीशी आल्या, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत निकालाची झेरॉक्स, आणि म्हणाल्या, "बाई, आज एकोणतिसावा दिवस आहे." नकलेचा अर्जच केलेला नव्हता. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की निकाल ऑनलाइन आलाय म्हणजे झालं. त्यांचा अर्ज मी त्याच मिनिटाला घेतला, पण त्यांच्या कपाळावरचा घाम अजून डोळ्यासमोर आहे.

तर नीट ऐका. लघुवाद न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याखाली दिलेल्या निकालावर अपील त्याच कोर्टातल्या दोन न्यायाधीशांच्या बेंचपुढे जातं आणि त्याला तीस दिवसांची मुदत असते. पण १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १२ असं सांगतं की सर्टिफाइड कॉपी मिळवायला जेवढा वेळ लागला तेवढा या तीस दिवसांतून वजा होतो. म्हणजे तुम्ही अर्ज केला त्या दिवसापासून नक्कल तयार झाली त्या दिवसापर्यंतचे दिवस मोजायचे नाहीत. कॉपी हातात आली की शेवटचं पान बघा, तिथे शिक्क्यात तारखा असतात, अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. लोक इथे चुकतात, की तयार झाली पाच तारखेला आणि न्यायला आले वीस तारखेला, तर मधले पंधरा दिवस तुमच्याच खात्यात पडतात, ते कोणी वजा करत नाही. म्हणून निकाल ऐकलात त्याच दिवशी, वकिलांच्या ऑफिसात जायच्या आधी, नकलेचा अर्ज टाका, पावती घ्या, आणि दर दोन दिवसांनी "झाली का" म्हणून विचारत राहा. आणि घर खाली करायच्या हुकुमाला नुसतं अपील केल्याने स्थगिती मिळत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, हे वकिलांना आठवण करून द्या.

सासूबाईंना वकिलाचा खर्च झेपत नसेल तर एक सांगते, महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळवायला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे. इतक्या बायका हे माहीत नसल्यामुळे दागिने गहाण ठेवतात, मला फार वाईट वाटतं.

गाव कणकवलीजवळ, मी राहतो भांडुपला. गावच्या जमिनीचं अपील मुंबई हायकोर्टात होतं. आता म्हणतात सगळं कोल्हापूरला गेलं. आम्ही चाकरमानी लोकांनी काय करायचं? (वाचक, भांडुप)

बरोबर ऐकलंत. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचे न्यायाधीश तिथेच बसून केसेस ऐकतात अशी सोय, सुरू झालंय, १७ ऑगस्ट २०२५ ला त्यावेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि १८ तारखेपासून कामकाज. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. यासाठी तिकडच्या वकिलांनी आणि लोकांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलनं केली, त्यामुळे तिथला आनंद मला समजतो. सोलापूरच्या माणसाने रात्रभर गाडीत बसून फोर्टला यायचं, दुपारी कळायचं की आज नंबरच लागला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण तुमचं दुःखही खरं आहे, कारण राहायचं मुंबईत, जमीन कणकवलीला आणि केस कोल्हापुरात. यात एक लक्षात घ्या की हायकोर्टात केस कुठे चालणार हे तुम्ही कुठे राहता यावर ठरत नाही, खालचा निकाल कोणत्या जिल्ह्यातून आला त्यावर ठरतं. आधी हायकोर्टाच्या वेबसाइटवर केस नंबर टाकून बघा सध्या कोणत्या बेंचकडे दिसतेय, ऐकीव बातमीवर जाऊ नका. तिकडे गेली असेल तर तुमच्या मुंबईच्या वकिलांना स्पष्ट विचारा की तुम्ही कोल्हापूरला उभे राहणार का, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने बाजू मांडायची सोय घेणार का, की तिथला वकील द्यायचा. आणि हायकोर्टातल्या अपिलात पक्षकाराने दर तारखेला हजर राहायची सहसा गरज नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी रजा टाकून घाट चढायची वेळ येणार नाही. रायगडच्या वाचकांनीही विचारलंय, तुमचा जिल्हा मुंबईकडेच आहे.

वडील गेले. त्यांनी विलेपार्ल्याच्या फ्लॅटचं मृत्युपत्र केलंय. सोसायटी म्हणते प्रोबेट आणा. भाऊ म्हणतो आता प्रोबेट रद्द झालं. कोण बरोबर? (वाचक, विलेपार्ले)

भाऊ म्हणतो त्यात अर्धं खरं आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाने दिलेलं प्रमाणपत्र. आतापर्यंत मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या शहरांत हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं होतं, भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३. पुण्यातल्या माणसाला नाही लागायचं आणि पार्ल्यातल्याला लागायचं, हा फरक इंग्रजांच्या काळापासून चालत आला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं. म्हणजे सक्ती गेली. प्रोबेट गेलेलं नाही. घरात कोणी मृत्युपत्रावर आक्षेप घेणारं असेल, सह्यांवर शंका असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवणं आजही शहाणपणाचं, कारण मग मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का बसतो. सगळी भावंडं एकमताची असतील तर सोसायटीला कायद्यातला बदल दाखवून लेखी पत्र द्या आणि उत्तरही लेखी मागा. आणि वडिलांनी नॉमिनी म्हणून ज्याचं नाव घातलंय तोच मालक झाला असं समजू नका. नॉमिनी म्हणजे तात्पुरता सांभाळणारा, हक्क वारसांचाच.

आईला व्हॉट्सअॅपवर कोर्टाचं वॉरंट आलं. शिक्का, अशोकस्तंभ, सही, सगळं होतं. व्हिडिओ कॉलवर "जज" पण दिसले. सांगितलं की तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीतून बाहेर पडू नका. आईने दीड लाख पाठवले. (वाचक, बोरिवली)

आधी आईंना सांगा की यात त्यांची काहीही चूक नाही. कोर्टाच्या कागदाला घाबरायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि या लोकांनी नेमकं तेच वापरलं.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही. कोणतंही कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "तपासण्यासाठी" पैसे अमुक खात्यात टाका असं तर कधीच सांगत नाही. नवीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झालेत, त्यात कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची तरतूद आहे हे खरं, त्यामुळे लोकांचा जास्त गोंधळ होतो. पण समन्स म्हणजे अमुक तारखेला हजर राहा एवढंच, त्यात पैसे नसतात. पोलिसांनी चौकशीला बोलवायची नोटीस तर व्हॉट्सअॅपवर पाठवू नये असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय.

मी तुम्ही पाठवलेला फोटो बारकाईने बघितला. केस नंबर आहे पण वर्ष नाही, कोर्टाचं नाव आहे पण रूम नंबर नाही, आणि खाली तीन वेगवेगळ्या खात्यांचे शिक्के एकाच कागदावर. खऱ्या कोर्टाच्या कागदावर असं नसतं. असा कागद आला की त्यातला केस नंबर अॅपवर टाकून बघायचा किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला सरळ चालत जायचं. तुम्ही अजून १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी तो करा, पैसे पुढे जायच्या आत बँकेत अडवता येतात, जितका उशीर तितकी आशा कमी.

लोक अदालतीत तडजोड केली तर नंतर अपील करता येतं का? (वाचक, मुलुंड)

नाही. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून कोणी घाई करत असेल तरी आकडा पूर्ण पटल्याशिवाय सही करू नका. फायदा असा की चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते.

मला साक्ष द्यायचीय. वकिलांनी इंग्रजीत टाइप केलेलं दहा पानी अॅफिडेव्हिट सहीला पाठवलंय. मला इंग्रजी जेमतेम येतं. मराठीत बोललं तर चालेल का? (वाचक, दादर)

चालेल, बिनधास्त मराठीत बोला. हायकोर्टाची भाषा राज्यघटनेप्रमाणे इंग्रजी आहे, पण खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची राज्य सरकारची अधिसूचना १९९८ चीच आहे. मुंबईत बरंचसं कामकाज इंग्रजीत चालतं ही वस्तुस्थिती आहे, तरी साक्षीदाराला त्याच्या भाषेत बोलायला कोणी मनाई करत नाही.

खरी अडचण त्या दहा पानांची आहे. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्ष, अॅफिडेव्हिटवरच होतो, आणि मग उलटतपासात समोरचा वकील विचारतो, "परिच्छेद सातमध्ये तुम्ही असं म्हटलंय, खरं का?" आणि माणूस गोंधळून बघत राहतो, कारण परिच्छेद सातमध्ये काय आहे ते त्याने वाचलेलंच नसतं. वकिलांना सांगा की एक तर मराठीत करून द्या, नाहीतर ओळ न् ओळ मराठीत वाचून समजावा आणि तसं समजावून सांगितल्याची नोंद खाली करा. एखादं वाक्य तुमचं नसेल तर ते खोडायला लावा. तुमची तारीख पुढच्याच आठवड्यात आहे असं लिहिलंय तुम्ही, म्हणून हे उत्तर छापायच्या आधी तुम्हाला वेगळं पण पाठवलंय. तोवर त्या कागदावर सही करू नका.